मधुमेह आणि किडनी, एकाच मांजराला

म्हाताऱ्या मांजरांबद्दल प्रश्न मागवले, तेव्हा बरीच पत्रं एकाच पेचाची निघाली. मांजराला मधुमेह आहे आणि किडनीही थकली आहे. दोन्ही आजारांची पथ्यं एकमेकांशी भांडतात आणि घरचे लोक मधे सापडतात. पत्रावरून कुणाचा डोस ठरवता येत नाही, तो तुमचे डॉक्टरच ठरवतील. माझा कल मात्र आधीच सांगतो. अशा मांजरात साखरेचा आकडा देखणा करण्याच्या मागे मी लागत नाही. पोटात किती गेलं आणि वजन किती भरलं, हे आधी विचारतो.

आमचा बोका १२ वर्षांचा, नसबंदी केलेला आहे. साखर ३४०, क्रिएटिनिन ३.१. एक डॉक्टर किडनीचं खाणं द्या म्हणतात, दुसरे मधुमेहाचं. ऐकायचं कुणाचं? (जुळे सोलापूर)

दोघांचंही बरोबर आहे, पंचाईत तिथेच आहे. मधुमेही मांजराला पिष्ट कमी आणि प्रोटीन भरपूर लागतं. किडनीच्या मांजराला फॉस्फरस कमी आणि प्रोटीन बेताचं लागतं. प्रोटीन कमी केलं की पोट भरायला पिष्ट किंवा चरबी वाढवावी लागते, आणि पिष्टाने साखर चढते.

निकाल लावायला आधी दोन्ही आकडे तपासून घ्या. रिक्षात, पिशवीत कोंबून, हॉर्नच्या गोंगाटातून दवाखान्यात आणलेल्या निरोगी मांजराचीही साखर भीतीने ३०० च्या वर जाऊ शकते. म्हणून फ्रुक्टोसामिनची तपासणी करा. ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, त्या एका तासाची भीती नाही. खाजेसाठी लांब टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्याने मांजराला मधुमेह होऊ शकतो, आणि पुष्कळ घरांत ते इंजेक्शन विसरलेलं असतं.

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा. त्याचंही तसंच. साखर लघवीतून वाहते तेव्हा सोबत पाणी नेते, मांजर सुकतं आणि क्रिएटिनिन फुगतं. अंगात पाणी भरून काढल्यावर पुन्हा तपासा. किडनीचे टप्पे ठरवायला जगभर आयरिस नावाची पद्धत वापरतात. तिच्यात क्रिएटिनिन १.६ ते २.८ हा दुसरा टप्पा, २.९ ते ५ तिसरा आणि त्यापुढे चौथा. तुमचा ३.१ पाण्यानंतर २.६ वर आला तर सल्लाच बदलेल. उलटही होतं. वाळून काडी झालेल्या मांजरात स्नायूच उरत नाहीत, त्यामुळे क्रिएटिनिन खोटं कमी दिसतं. तिथे एसडीएमए ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी जास्त भरवशाची.

मी असं करतो : दुसऱ्या टप्प्यापर्यंत कमी पिष्टाचं ओलं खाणं देतो आणि रक्तातल्या फॉस्फरसवर नजर ठेवतो. तो ४.६ च्या वर जायला लागला की जेवणात मिसळायचं फॉस्फरस बांधणारं औषध सुरू. तिसऱ्या टप्प्यापासून किडनीचं खाणं, शक्यतो ओलं, आणि वाढलेल्या पिष्टाला इन्सुलिनने सांभाळतो. इन्सुलिन खाण्याप्रमाणे बदलता येतं, किडनीला दुसरी सोय नाही. बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करा. आणि बोक्याने नवीन खाणं हुंगून तोंड फिरवलं, तर ‘भूक लागली की खाईल’ असं म्हणू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि तिसराच आजार उभा राहतो. जुनं का होईना, पण पोटात गेलं पाहिजे.

डॉक्टरांनी दिवसातून दोनदा १ युनिट ग्लार्जिन सांगितलं. बाटलीवर १०० आययू लिहिलंय, मेडिकलमधून लाल टोपणाची सिरिंज मिळाली. चालेल ना? (अशोक चौक)

चालणार नाही. आज संध्याकाळचा डोस द्यायच्या आधी सिरिंज बदलून आणा.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. लाल टोपण ४० साठी, केशरी टोपण १०० साठी. लाल टोपणाच्या सिरिंजमधली एक रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. तेवढं १०० ताकदीचं इन्सुलिन भरलंत तर मांजराला १ ऐवजी अडीच युनिट जातील. साठ किलोच्या माणसाला दीड युनिट इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नाही. चार किलोच्या मांजराचा त्यात जीव जाऊ शकतो. उलटी चूक म्हणजे ४० चं औषध केशरी सिरिंजमध्ये. त्यात १ ऐवजी ०.४ युनिट जातं आणि महिनाभर ‘औषध लागूच पडत नाही’ अशी तक्रार चालते.

३० युनिटची, म्हणजे ०.३ मिलिलिटरची केशरी सिरिंज मागा, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली. मांजराचा डोस अर्ध्या युनिटने वर-खाली होतो, तो मोठ्या सिरिंजवर डोळ्यांना दिसतच नाही. ग्लार्जिन हे लांब टिकणारं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ झालं तर फेकून द्या, आणि त्यात पाणी-सलाईन काही मिसळू नका.

टोचताना सुई केसांतच राहिली आणि औषध बाहेर सांडल्यासारखं वाटलं, तर पुन्हा टोचू नका. किती आत गेलं हे कुणालाच माहीत नसतं. पुढचा डोस त्याच्या वेळेला.

बाटली फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून आणि दारापासून लांब ठेवा. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण कामाचं राहत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या घरात पंख्याखालीसुद्धा ३५ च्या वर असतं. तेव्हा बाटली टेबलावर विसरू नका, गाडीच्या डिकीत तर नाहीच.

मी टॉवेल कारखान्यात रात्रपाळीला असतो. परवा पहाटे घरी आलो तर मांजरी झिंगल्यासारखी चालत होती, मान थरथरत होती. घरच्यांनी मध चाटवला, अर्ध्या तासात सावरली. इन्सुलिन बंद करू का? (शेळगी)

घरच्यांना शाबासकी द्या. साखर उतरली होती, आणि मध हाच बरोबर उपाय होता.

असं का झालं ते समजून घ्या. अंगातलं बरंचसं इन्सुलिन मोडून बाहेर टाकायचं काम किडनी करते. किडनी थकली की तोच डोस जास्त वेळ अंगात रेंगाळतो. त्यात किडनीच्या मांजराची भूक आज आहे, उद्या नाही. इन्सुलिन गेलं आणि जेवण गेलं नाही की पहाटे हेच होणार. वाढलेली साखर महिनोन् महिने हळूहळू नुकसान करते, उतरलेली साखर एका रात्रीत करते. म्हणून दोन्ही आजार असलेल्या मांजराची साखर मी मुद्दाम जरा वरच ठेवतो. दिवसातला बराच वेळ १५० ते ३०० च्या दरम्यान राहिली, मांजर खातंय, वजन टिकलंय, तर मी डोसला हात लावत नाही.

इन्सुलिन मनाने पूर्ण बंद करू नका. उलट्या, तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास, खाणंपिणं बंद, ही किटोनची, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून अंगात साठणाऱ्या आम्लांची लक्षणं आहेत आणि ती तातडीची बाब आहे. डोस कमी करायचा आहे हे मात्र नक्की. किती, ते डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. काही मांजरांचा मधुमेह माघारही घेतो आणि इन्सुलिनची गरजच उरत नाही, तीही शक्यता तपासून घेतील.

घरात ग्लुकोमीटर हवाच. कानाच्या कडेला बारीक शीर दिसते. कान तळहाताने जरा गरम करा, मागे कापूस धरा आणि टोचा. मांजरं हे आश्चर्य वाटेल इतकं सहन करतात, घाबरतात ती माणसं. माणसांचं मीटर मांजराची साखर खरी असते त्यापेक्षा कमी दाखवतं, पण रोज तेच मीटर वापरलं तर चढउतार कळतो. डोसआधी १५० च्या खाली आकडा आला तर टोचायच्या आधी फोन. ६०-७० च्या खाली आणि मांजर शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल, थरथरत असेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. झटका आलेल्या मांजराच्या तोंडात काही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. सावरली तरी त्याच दिवशी दवाखाना, कारण मधाचा असर संपतो आणि इन्सुलिन अजून बाकी असतं.

डॉक्टरांनी घरी कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. उन्हाळ्यात जास्त द्यावं का? आणि लघवी फार करते म्हणून सासूबाई रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवतात. (होटगी रोड)

आधी ते भांडं परत ठेवा. सासूबाईंना सांगा, ती पाणी पिते म्हणून लघवी होत नाही, लघवीतून पाणी निसटतं म्हणून ती पिते. एक रात्र पाणी तोडलं तर सकाळी किडनी आणखी एक पायरी उतरलेली असेल. पाणी कितीही दिवसांआड येवो, तिच्या वाट्याच्या दोन-तीन वाट्या भरलेल्या हव्यात, जेवणाच्या ताटलीपासून जरा लांब.

सलाईनचं प्रमाण साधारण १०० ते १५० मिलिलिटर, रोज किंवा दिवसाआड. ऊन वाढलं म्हणून स्वतःहून वाढवू नका. हृदय कमजोर असलेल्या मांजराच्या छातीत ते पाणी भरतं. श्वास जलद झाला, पोट हलवत श्वास घेऊ लागली, तर सलाईन थांबवा आणि निघा.

मेडिकलमध्ये आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, असंच नाव घेऊन मागा. ‘सलाईन द्या’ म्हटलं तर डीएनएस हातात पडू शकतं. त्यात ग्लुकोज असतं, ते मधुमेही मांजराला नको, आणि कातडीखाली तर कुणालाच नको. पुस्तकं सांगतात बाटली कोमट करून घ्या. ते आपल्या डिसेंबरला ठीक आहे. मे महिन्यात खिडकीतली बाटली आपोआप कढत झालेली असते, मनगटावर दोन थेंब टाकून पाहा. खांद्यापाशी गोळा येतो, तो नंतर पुढच्या पायाकडे उतरतो, घाबरू नका. सुई दर वेळी नवी. आणि इन्सुलिन त्या फुगलेल्या जागी टोचू नका, पोटाच्या कडेला द्या.

माझ्या यजमानांना मधुमेह आणि किडनी दोन्हींसाठी डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे. तेच औषध थोडं तोडून मांजरीला दिलं तर? (विजापूर रोड)

प्रश्न हुशारीचा आहे, उत्तर ‘नको’ आहे. माणसांत या गटातली औषधं किडनीला आधार देतात, हे खरं. याच गटातली दोन औषधं अमेरिकेत खास मांजरांसाठी मंजूर झाली : बेक्साग्लिफ्लोझिन २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिन २०२३ मध्ये. पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, एरवी धडधाकट मांजरांसाठी. ही औषधं साखर लघवीवाटे काढतात, म्हणजे आधीच सुकणाऱ्या मांजरीचं आणखी पाणी जातं. शिवाय रक्तातली साखर चांगली दिसत असतानाच अंगात किटोन साठू शकतात. मीटर सगळं ठीक सांगतं आणि मांजरी जातच असते. तुमची मांजरी इन्सुलिनवर आहे आणि किडनीचीही, तेव्हा दोन्हीकडून नापास.

घरातल्या औषधांचा विषय निघालाच आहे तर : तापासाठी, दुखण्यासाठी मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही. एक गोळीसुद्धा मारते.

दूध-भाकरी, सुका बोंबील, कारल्याचा रस, यातलं काय चालेल? (बार्शी)

काहीच नाही. भाकरी म्हणजे पिष्ट, बोंबलात मीठ आणि फॉस्फरस, आणि कारल्याच्या कडूपणाने आहे ती भूक जाते. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, उजनीच्या चिलापीचा काटे काढलेला तुकडा, हे तोंडाला चव यावी म्हणून थोडं चालेल. रोजचं जेवण तेवढंच नको, त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ बसत नाही. शेंगाचटणी लागलेला घास तर अजिबात नाही. लसूण-कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, मधुमेही मांजराच्या जास्तच.

मागच्या पायांचे घोटे टेकवून चालते. शेजारी म्हणतात कॅल्शियम द्या. (बाळीवेस)

कॅल्शियम मनाने देऊ नका. ही बहुधा मधुमेहाने नसांना झालेली इजा आहे. साखर आटोक्यात आली की काही महिन्यांत पुष्कळदा सुधारते. मानही खाली पडत असेल तर पोटॅशियम तपासा. लघवीवाटे ते निघून जातं, आणि भरून काढलं की फरक लवकर दिसतो. त्याच फेरीत रक्तदाब मोजून घ्या. किडनीच्या मांजरात तो १६० च्या वर राहिला तर किडनी आणि डोळे दोन्ही धोक्यात. बाहुल्या मोठ्या होऊन मांजर भिंतीला धडकू लागलं तर त्याच दिवशी न्या.

आषाढीला चार दिवस पंढरपूरला जायचंय. इन्सुलिनचं काय? (अक्कलकोट रोड)

जा. मांजर घरातच राहू दे, परक्या जागी ते खाणं सोडतं. सकाळ-संध्याकाळ येणारा एकच माणूस ठरवा आणि निघायच्या आधी त्याच्याकडून तुमच्यासमोर टोचून घ्या. वेळ तास-दीड तास मागेपुढे झाली तर चालेल. भिंतीला कागद लावा, टोचलं की त्यावर लगेच खूण. कुणी टोचलं की नाही अशी शंका आली, तर टोचायचं नाही. एक डोस चुकला तर साखर चढेल आणि उतरेल. दोनदा गेलेला डोस परत काढता येत नाही. ताटली भरलेलीच दिसली तर इन्सुलिन न देता तुम्हाला फोन करायचा, आणि तुमचा फोन गर्दीत लागला नाही तर डॉक्टरांना. तो नंबर त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.