ऑडिबल म्हणजे कोचला डावलणं नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकन फुटबॉलमध्ये 'क्वार्टरबॅकने ऑडिबल केलं' म्हणतात, म्हणजे स्टार खेळाडूने कोचचं ऐकलं नाही असाच अर्थ ना? आणि याला मराठीत काय म्हणावं?

नाही, तो अर्थ नाही. क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावर आक्रमण चालवणारा खेळाडू, आणि ऑडिबल म्हणजे त्याने आयत्या वेळी हाक देऊन चाल बदलणं. हा गैरसमज इतका पसरलाय की अमेरिकेतली मराठी मंडळी जेवायचं हॉटेल आयत्या वेळी बदललं तरी 'ऑडिबल केलं' म्हणतात, आणि साहेबाला न विचारता परस्पर काही उरकलं तरी 'ऑडिबल केलं'च म्हणतात. पहिला वापर चालून जाईल. दुसरा साफ चूक.

'ऐकू येईल असं' हा शाळेतला अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडू. मैदानावर काय होतं ते पाहा. चाल कोच ठरवतो आणि क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर सांगतो. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये ही सोय 1994 पासून आहे. एक चाल संपल्यावर पुढची सुरू करायला घड्याळ 40 सेकंदांचं असतं. त्यात 15 सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. तोवर हडलमध्ये, म्हणजे चालीआधी जमणाऱ्या गड्यांच्या घोळक्यात, चाल सांगून झालेली असते. चेंडूच्या रेषेवर, प्रतिस्पर्ध्यांसमोर आल्यावर क्वार्टरबॅकला दिसतं की समोरच्यांची मांडणी या चालीचा चुराडा करणार, आणि मग तो मोठ्याने दुसरी चाल पुकारतो. हडलमधली कुजबुज प्रतिस्पर्ध्याला ऐकू जात नाही, ही हाक मात्र साऱ्या मैदानाला जाते. म्हणून ती ऑडिबल, आणि म्हणूनच ती सांकेतिक. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचं 'ओमाहा' आठवा. 2014 च्या जानेवारीत चार्जर्स संघाविरुद्ध तो ते 44 वेळा ओरडला. त्याच आठवड्यात पत्रकारांनी अर्थ विचारला, तेव्हा वाऱ्याची दिशा, जर्सी असं काहीबाही सांगून त्याने त्यांची बोळवण केली होती.

बदलायच्या चालीही आठवडाभर सरावात घोटलेल्या असतात. पुष्कळदा कोचच दोन चाली एकदम देतो. 'किल, किल' ऐकलं की पहिली सोडायची, दुसरी खेळायची. म्हणजे दोन्ही कोचच्याच. यात बंड कुठे आलं? बिघडतं ते वेगळ्याच कारणाने. परक्या मैदानावरच्या गोंगाटात कडेच्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, हाक पोचत नाही, तो जुन्याच वाटेने धावतो, पास मोकळ्या जागेत पडतो आणि बचावाचा माणूस तो अलगद झेलतो. हाका देण्यात वेळ गेला तर घड्याळ संपून 5 यार्डांचा दंड. म्हणूनच हाकेच्या जोडीला हातांच्या खुणा ठेवतात.

आता खरी गंमत. ऑडिबलच्या मुळाशी लॅटिन 'आउदिरे', म्हणजे ऐकणं. ऑडिट त्यातलंच, कारण हिशेब पूर्वी वाचून दाखवत आणि तपासणारा ऐकत असे. पण त्याच धातूला 'ओब' लागून आज्ञा पाळणं या अर्थाचा इंग्रजी 'ओबे' झाला! लॅटिनचे काही पंडित 'आउ'चा 'ओए' कसा झाला म्हणून आठ्या घालतात. घालोत बापडे. जर्मनमध्ये 'ह्योरेन' म्हणजे ऐकणं, आणि त्यातूनच 'गेहोर्झाम' म्हणजे आज्ञाधारक. संस्कृतात 'श्रु'पासून शुश्रूषा. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, मग आज्ञापालन, मग सेवा, आणि शेवटी आजाऱ्याची देखभाल. (ते 'सुश्रुषा' लिहिणं थांबवा, कृपा करून. दोन्ही श तालव्य आणि षा मूर्धन्य, गाळायला काही नाही.) मराठीत तर वेगळा शब्दही लागत नाही. 'पोरगं ऐकत नाही' म्हटल्यावर कोणी त्याचे कान तपासायला नेत नाही.

माझ्या मते घोटाळा नेमका इथे झाला. शेवटच्या 15 सेकंदांत क्वार्टरबॅक कोचचं ऐकत नाही हे शब्दशः खरं आहे, कारण रेडिओ बंद असतो! मराठी कानाने त्याचा दुसरा अर्थ घेतला. 'हा नुसता इंग्रजीतून आलेला ढिसाळपणा' असं म्हणणारे जाणकार आहेत. इंग्रजीत ढिसाळपणा आहेच, पण कोचचा अवमान हा रंग आपल्या 'ऐकणे'ने चढवलाय, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

उलट हडल हा शब्द मुळात लपवण्याचा. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत त्याचा तोच अर्थ होता. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात 1890 च्या दशकात क्वार्टरबॅक पॉल हबर्डने गडी गोल उभे केले, कारण खुणांची भाषा समोरच्यांना वाचता येत होती. काही जण हे श्रेय 1921 च्या इलिनॉय विद्यापीठाच्या संघाला देतात. तीसएक वर्षं उशिरा आलेल्याला पहिला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मग स्टार खेळाडूचं वजन पडतं कुठे? सामन्याआधी, नावडत्या चालींवर काट मारताना. आणि बाजूरेषेवर. 4 फेब्रुवारी 2018, सुपर बोल म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, हाफटाइमला 38 सेकंद बाकी, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, गोल एका यार्डावर. ईगल्सचा क्वार्टरबॅक निक फोल्सने कोच डग पीडरसनला एका चकव्याच्या चालीचं नाव घेऊन विचारलं, 'फिली फिली करायचं?' पीडरसन क्षणभर थांबून हो म्हणाला. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे, त्याच्याकडून ट्रे बर्टनकडे, आणि बर्टनचा पास खुद्द फोल्सच्या हातात. ईगल्स 41–33 जिंकले. हे ऑडिबल नव्हे, ही मान्य झालेली सूचना. खरं डावलणं हवं असेल तर 2006 च्या जानेवारीतला, मॅनिंग कोल्ट्सकडून खेळत असतानाचा कोल्ट्स-स्टीलर्स सामना पाहा. चौथ्या डाउनला कोचने पाठवलेली पंटची (चेंडू लाथेने लांब धाडून देणारी) तुकडी मॅनिंगने हात हलवून परत धाडली. तेही ऑडिबल नव्हे, तिथे हाकच नव्हती.

मराठी शब्द राहिलाच. 'श्राव्य चाल' नको, तो आकाशवाणीचा कार्यक्रम वाटतो. 'पालटहाक' म्हणा, नाहीतर सरळ ऑडिबल.