पाळणाघरात ती उपाशी राहील का?

तुम्ही विचारलंय की मुलगी दोन वर्षांची आहे, परदेशात गेल्यावर दिवसभर पाळणाघरात राहील, आणि घरी तर तिला मोबाईल दाखवत भरवावं लागतं, मग तिथे कसं होणार? सरळ सांगते. पहिले काही दिवस ती कमी खाईल, पण उपाशी राहणार नाही. मात्र निघायला दोन महिने आहेत म्हणता, ते वाया घालवू नका.

आम्ही परदेशात गेलो तेव्हा आमचा मुलगा एवढाच होता. त्याला सवय व्हावी म्हणून पहिला आठवडा मला दाराशी बसू द्यायचे. बुटक्या टेबलाभोवती सहा मुलं, प्रत्येकाच्या मुठीत चमचा, आणि आमचा मुलगा हात मांडीवर ठेवून, तोंड उघडून बसलेला. घास काही येईना. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. तिथल्या बाईंनी त्याच्या हातात चमचा दिला, हात धरून पहिला घास तोंडापर्यंत नेला आणि आपला हात काढून घेतला. त्याने चार वाटाणे खाल्ले. थोड्या वेळाने ताटं उचलली गेली. घरी येऊन मी खूप रडले. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या मुलीचं बघून त्याने वाटी पुढे केली आणि पुन्हा वाढून घेतलं.

काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली ही विभागणी बऱ्याच पाळणाघरांत पाळतात. आपल्याला ती कठोर वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. पहिल्या वाढदिवसानंतर वाढीचा वेग मंदावतो, तशी भूकही कमी होते. एका वेळी दोन घास खाल्ले तर पुढच्या वेळी भरून निघतं. नवा पदार्थ नाकारणं साधारण 2 ते 6 या वयात सर्वांत जास्त असतं. एखादी चव आवडायला ती 8 ते 15 वेळाही समोर यावी लागते. मागे लागून भरवलं तर नावड पक्की होते.

म्हणून आजपासून तिला जमिनीवर किंवा खुर्चीत, एकाच जागी बसवा, मोबाईल बंद करा, आणि सांडू द्या. अर्ध्या तासात ताट उचला. उघड्या पेल्याने पाणी प्यायला शिकवा. दुधाचंही बघा: दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पोटात गेलं की जेवणाची भूक मरते आणि लोह कमी पडतं.

शाकाहारी आहात, तर प्रवेशाआधी एक प्रश्न नक्की विचारा: मांस नुसतं ताटातून काढतात, की त्याच्या जागी डाळी, कडधान्यं, पनीर असं काही देतात? नुसतंच काढत असतील तर आठ-नऊ तास मूल पिष्टमय पदार्थांवरच राहतं. अंडं चालतं की नाही, तेही स्पष्ट सांगा. लोह आणि बी-12 बद्दल निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी बोला.

आणि कृपा करून, नावडत्या पदार्थाला ॲलर्जी म्हणू नका. ॲलर्जी म्हटलं की स्वयंपाकघर त्या मुलासाठी वेगळी भांडी काढतं, औषध तयार ठेवतं. खरी ॲलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांचं लेखी पत्र, तिथल्या भाषेत, पहिल्याच दिवशी द्या. घरून डबा न्यायचा असेल तर आख्खे दाणे, शेंगदाणे, बदाम नको, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा.

आणखी एक कागद आम्ही दिला होता, त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. 'पाणी', 'अजून', 'नको', 'झालं', 'शू' हे पाच शब्द त्यांच्या लिपीत, पुढे अर्थ. बाईंनी तो भिंतीवर चिकटवला. भाषा येईपर्यंत मूल निदान 'अजून' म्हणून मागू शकतं.

तिथे दुपारचं जेवण लवकर असतं, त्यामुळे आणायला जाल तेव्हा ती भुकेने चिडचिडी झालेली असेल. पिशवीत एखादं फळ ठेवा, आणि घरी पोचल्यावर "आज काय खाल्लंस?" विचारण्याआधी ते हातात द्या.