ऑस्प्रेच्या घरट्यातलं धाकटं पिल्लू मागे पडतंय. मुलीसोबत लाइव्ह कॅमेरा बघत राहावा का?

तुम्ही बडोद्याहून लिहिलंय की आठ वर्षांच्या मुलीसोबत ब्रिटनच्या वेल्समधल्या एका ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) जोडीच्या घरट्यावरचा लाइव्ह कॅमेरा बघताय. मासे येतायत, तरी तीन पिल्लांपैकी थोरलं पिल्लू धाकट्याला टोचतं, त्याला घास मिळू देत नाही आणि मुलगी रडते. बघणं बंद करावं का, आणि तिथली माणसं वर चढून मदत का करत नाहीत, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

बंद करू नका. मीही बडोद्याचीच. उन्हाळा आला की मी आणि माझ्या सासूबाई अशी घरटी बघतो, त्यावरून सांगते. धाकट्याचं पुढे काय होणार हे टोचाटोचीवर फारसं ठरत नाही, मासा किती येतो यावर ठरतं. सासूबाई चष्मा लावून बसल्या की आधी विचारतात, “आज मासा आला का गं?” तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

धाकटं मुळात उशिरा आलेलं असतं. मादी बहुतेक वेळा दोन किंवा तीन अंडी घालते, एकेका अंड्यात दोन-तीन दिवसांचं अंतर असतं आणि उबवणं पहिल्या अंड्यापासूनच सुरू होतं. ३७ दिवसांच्या आसपास पहिलं पिल्लू बाहेर येतं तेव्हा तिसरं अजून कवचातच असतं. निघताना पिल्लू जेमतेम ५०-६० ग्रॅमचं असतं, पण वाढ इतकी झपाट्याने होते की चार-पाच दिवसांचा फरकही डोळ्यांत भरतो. तुमच्या मुलीला जे दांडगट वाटतंय, तेही काही दिवसांचं बाळच आहे. हे तिला जरूर सांगा, तिचा राग निम्मा होईल.

आता एक भरवणं अगदी शेवटपर्यंत बघा. नर मासा आणतो तेव्हा त्या माशाला पुष्कळदा डोकं नसतं. ते त्याने जवळच्या फांदीवर बसून आधीच खाल्लेलं असतं. शेपटी कधी कधी अजून हलत असते. मादी मासा त्याच्याकडून ओढून घेते, पायाखाली दाबते आणि चोचीच्या आकड्याने नखाएवढा तुकडा काढते. मग मान तिरकी करून, स्वतःची चोच आडवी धरून तो तुकडा हलकेच पुढे करते. एवढी अणकुचीदार चोच आणि एवढी काळजी! जे पिल्लू पुढे येऊन मान ताठ करून चोच उघडतं, त्याला घास मिळतो. धाकटं मात्र मान खाली घालून मागे पडून राहतं. ते बघून पोटात कालवतं, पण त्या मान घालण्याचा अर्थ ‘मी भांडत नाही’ असा असतो आणि तसं केलं की थोरलं बहुधा टोचायचं थांबतं. थोड्या वेळाने थोरल्याच्या गळ्याखाली फुगवटा दिसायला लागतो. अन्न साठवायची पिशवी ती. ती भरली की पिल्लू जिथल्या तिथे पेंगतं. मग धाकटं सरकत सरकत पुढे येतं, आणि मासा शिल्लक असेल तर आई त्यालाही तितक्याच निवांतपणे भरवते. बरेच लोक नेमकं याच्या आधी वैतागून कॅमेरा बंद करतात.

माझ्या मुलाने एकदा विचारलं होतं, आईला छोटं आवडत नाही का? सासूबाई म्हणाल्या, “तिला पुढे आलेली चोच दिसते रे, ती वाटण्या करत नाही.” मला हे फार पटतं. या मादीला निर्दयी म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. भर पावसात पिल्लांवर पंख पसरून ती तासन् तास भिजत बसते, कारण एवढ्या लहान वयात त्यांची लव भिजली तर ती गारठून मरतात.

खरी चिंता करायची ती अशा हवेची. ऑस्प्रे जवळजवळ फक्त मासे खातो आणि पाय पुढे करून पाण्यात झेपावला तरी साधारण मीटरभर खोलीपर्यंतच पोहोचतो. वारा सुटून पाणी खवळलं किंवा गढूळ झालं की वरून मासा दिसत नाही. नर रिकाम्या पंजांनी परततो आणि मादीला पिल्लांवरून उठता येत नाही. दोन-तीन दिवस हे असंच चाललं तर मोठी पिल्लं जास्त हिंस्र होतात आणि धाकट्याची पाळी येईपर्यंत मासा संपलेला असतो. काही वर्षी धाकटं जातं. आम्हीही ते पाहिलंय, आणि त्या दिवशी आमच्या घरात कुणाला जेवण गेलं नव्हतं.

मदतीचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय ऑस्प्रेच्या चालू घरट्याला त्रास देणं हा गुन्हा आहे. शिकारी आणि अंडी जमवणारे यांच्यापायी तिथून या पक्ष्याची वीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपली होती. १९५० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये लॉक गार्टन या तळ्यापाशी जोडी पुन्हा आली, तर १९५८ मध्ये तिचीही अंडी चोरीला गेली. पुढच्या वर्षी रात्रंदिवस पहारा ठेवला तेव्हा पिल्लं उडाली, आणि लोकांना दुरून बघायला बोलावलं गेलं. शिवाय माणूस वर चढला की मादी उठून जाते, आणि गारठ्यात तेवढा वेळही लहान पिल्लांना भारी पडतो.

तरीही कधीच कुणी हात लावत नाही असं नाही. २०१२ च्या जूनमध्ये वेल्समधल्याच डायफीच्या घरट्यात वादळी पावसाने तीनपैकी दोन पिल्लं गेली. तिसरंही हातचं जाईल असं दिसलं तेव्हा तिथल्या लोकांनी वर जाऊन त्याला माशाचे तुकडे भरवले. ते जगलं, उडालं, पार सेनेगलपर्यंत पोहोचलं आणि तिथे मासेमारीच्या जाळ्यात अडकून मेलं. मला वाचून फार वाईट वाटलं, पण ती मदत योग्यच होती असं मी म्हणेन. घरट्यात एकच जीव उरला होता आणि आई-बापाचं काही चालत नव्हतं. तुमच्या घरट्यात मासे येतायत, आई भरवतेय. तिथे माणसाने चढावं हे मला पटत नाही.

मुलीला एक वही द्या. मासा कधी आला, मोठा होता की लहान, हवा कशी होती, आणि धाकट्याच्या गळ्याखाली फुगवटा दिसला का, एवढंच लिहायचं. धाकट्याचा गळा रोज भरलेला दिसत असेल तर टोचणं कितीही भयंकर वाटलं तरी घाबरू नका. पिल्लं महिन्याची होईपर्यंत मारामाऱ्या बऱ्याच निवळतात आणि साधारण सात-आठ आठवड्यांत ती उडतात. आणि धाकटं गेलंच, तर ‘झोपलंय’ असं सांगू नका. तिने ते सगळं स्वतः पाहिलेलं असेल, तिला खरं ऐकायचा हक्क आहे.

वेळेचं म्हणजे, उन्हाळ्यात वेल्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. जूनमध्ये तिथे उजाडतं तेव्हा आपल्याकडे सव्वानऊ-साडेनऊ वाजलेले असतात, म्हणजे मुलगी शाळेतून येते तेव्हा तिथे ऐन दिवस असतो. संध्याकाळचा मासा आपल्या रात्री उशिरा येतो, तो दुसऱ्या दिवशी चित्रण मागे नेऊन बघा.

आणि हिवाळ्यात तिला डभोईजवळच्या वढवाणा तळ्यावर न्या. सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं हे तळं २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. वेल्सचे ऑस्प्रे पश्चिम आफ्रिकेत जातात, आपल्याकडचे पाहुणे उत्तरेकडून येतात, पण पक्षी तोच. पोट पांढरं, डोळ्यावरून गेलेला जाड तपकिरी पट्टा, लांब अरुंद पंख मनगटाशी मुडपलेले. मासा घेऊन उडताना तो त्याचं तोंड पुढे ठेवून, अंगालगत लांबट धरतो. सकाळी लवकर पोहोचा, दुर्बीण न्या आणि पाण्यातली वाळकी झाडं, खांब आधी तपासा. पकडलेला मासा खायला त्याला अशीच उघडी जागा लागते.