मुलीला ‘अपलिंक’मध्येच शिकायचंय, हो म्हणू का?

पत्र: वसमतच्या मोंढ्यात माझी हळदीची आडत आहे. मुलगी नांदेडला ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला तिनं ‘अपलिंकमधला इंटरफेरन्स कमी करणे’ असा विषय धरलाय, पुढंही त्यातच शिकायचं म्हणते. तिचे मामा पुण्यात असतात. ते म्हणतात, हे सोडा, जावाचा क्लास लावा, नोकरी लागंल. मला विषयच कळत नाही, तर हो कसं म्हणू? – एक पालक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर: नमस्कार. विषय तुम्हाला वाटतो तेवढा परका नाही. लिलावात दहा खरेदीदार एकदम बोली ओरडले, तर पुढ्यातल्याचा आवाज कानात बसतो आणि मागच्याची बोली, भाव चढा असला तरी, विरून जाते. मोबाईलकडून टॉवरकडे जाणारा संदेश म्हणजे अपलिंक, आणि तिथं नेमकं हेच होतं. टॉवरजवळचा फोन लांबच्याला दाबून टाकतो. एका फोनचा असा दुसऱ्याला होणारा त्रास म्हणजे इंटरफेरन्स.

३जीमध्ये सगळे फोन एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायचे. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला १५०० वेळा हुकूम सोडायचा: पॉवर वाढव, कमी कर. यालाच पॉवर कंट्रोल म्हणतात. ४जीत एका टॉवरखालच्या फोनना फ्रिक्वेन्सीचे वेगवेगळे तुकडे वाटून दिले, त्यामुळे घरातलं भांडण बरंचसं मिटलं आणि ते बांधावर गेलं. हद्दीवरचा फोन आपल्या टॉवरपर्यंत पोचायला जोर लावतो आणि त्याचा त्रास शेजारच्या टॉवरला होतो. म्हणून लांबच्या फोनला पॉवर वाढवून अंतराची पूर्ण भरपाई मुद्दामच करू देत नाहीत. किती करू द्यायची? जास्त दिली तर शेजारी बिघडतो, कमी दिली तर हद्दीवरच्या गावाचा व्हिडिओ अडकतो. हा तोल काढणं हे या क्षेत्रातलं खरं काम. ५जीत टॉवरवर कितीतरी अँटेना असतात. त्यामुळे काही फोनना पुन्हा एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी बोलू देतात आणि आवाज गणितानं वेगळे करतात.

जाता जाता, माळेगावच्या यात्रेत फोनवर नेटवर्कच्या काड्या फुल दिसतात तरी फोटो जात नाही, ते का? काड्या टॉवरचा आवाज फोनपर्यंत किती येतो ते दाखवतात, फोनचा आवाज टॉवरपर्यंत किती पोचतो ते नाही. ४जी फोनची ताकद साधारण २०० मिलिवॉटच असते, आणि त्यात यात्रेची गर्दी.

आता प्रोजेक्ट. महागडं किट आणू नका. घरच्या लॅपटॉपवर पायथनमध्ये दहा फोन वेगवेगळ्या अंतरावर बसवायचे आणि त्यांचे संदेश ओळखताना टॉवरच्या किती चुका होतात ते मोजायचं. मग पॉवर कंट्रोल घालून परत मोजायचं. त्यानंतर सगळ्यात मोठा आवाज आधी ओळखून एकूणातून वजा करायचा, मग पुढचा, अशी पद्धत लावायची. सगळ्यांचे आवाज एकत्र ओळखण्याची सर्वोत्तम रीत सर्जिओ व्हर्दू या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडली. पण २० फोननी एकेक बिट (० किंवा १) पाठवला तरी तीत दहा लाखांवर शक्यता तपासाव्या लागतात, म्हणून असे स्वस्त उपाय लागतात. तिला एकच प्रश्न द्या: पहिला आवाज ओळखण्यातच चूक झाली, तर पुढच्यांचं काय होतं? त्याचा आलेख तिनं स्वतः काढला, तर मुलाखतीत बोलायला भरपूर मिळेल.

मामांचं अर्धं खरं आहे. प्रोग्रामिंग लागतंच, फक्त इथं सी, सी++ आणि पायथन लागतं. आणि नुसत्या बी.टेक.वर या कामात शिरकाव अवघड, हे आधीच सांगतो. टॉवर उभारणीच्या ठेकेदाराकडची नोकरी लवकर मिळेल, पण ते काम वेगळं. मोडेमचं (फोनमधल्या संदेश पाठवणाऱ्या भागाचं) सॉफ्टवेअर, बेस स्टेशनचं (टॉवरवरच्या यंत्रणेचं) डिझाइन हे क्वालकॉम, नोकिया, तेजस नेटवर्क्स यांच्याकडं किंवा सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेत चालतं, म्हणजे मुख्यतः बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीकडं. मुलीला एवढ्या लांब पाठवायची तयारी आहे का, हे घरात आत्ताच बोलून घ्या. हजारो रुपये घेऊन ५जीचं सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासच्या वाटेला जाऊ नका. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वायरलेसचे कोर्स फुकट आहेत. प्रोबॅबिलिटी आणि मॅट्रिक्स कच्चं असेल, तर ते आधी पक्कं करू द्या. त्याच्याशिवाय यातलं एक पानही पुढं सरकत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर गेट या प्रवेश परीक्षेतून सरकारी संस्थेत एम.टेक.ला जागा मिळाली की महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. गेट तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही देता येते, परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास होते आणि गुण तीन वर्षं चालतात. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात. तिला पहिल्याच संधीला बसू द्या. गुण कमी आले तर चौथ्या वर्षी पुन्हा देता येईल, आणि प्रोजेक्टला तोवर हात घातलेला असेल.