आमच्या कोथरूडच्या टू बीएचके फ्लॅटचं मे महिन्याचं बिल चारशेच्या वर युनिटचं आलंय, म्हणून एनर्जी ऑडिट (घरात वीज कुठे किती जाते याची तपासणी) करायला माणूस येणार आहे. तो नेमकं काय करतो आणि आपण काय तयारी ठेवावी?

कोथरूडचा टू बीएचके आणि मे महिन्यात चारशेच्या वर युनिट, म्हणजे ऑडिटला दोन-अडीच तास धरा. महावितरणची बारा महिन्यांची बिलं आधीच काढून ठेवा. मीटर रूमची किल्लीही वॉचमनकडून घेऊन ठेवा, नाहीतर अर्धा तास तिथेच जातो.

सुरुवात मीटरपासून व्हायला हवी. घरातला मेन बंद केला की मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर मीटर ते फ्लॅट या वायरमध्ये गळती आहे किंवा तिच्यावर दुसऱ्या कुणाचं काहीतरी जोडलेलं आहे. मग मेन चालू करून फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र लीकेज क्लॅम्पमध्ये (तारेभोवती धरून गळती मोजणारा चिमटा) धरतात. आकडा जवळपास शून्य यायला हवा. तसा आला नाही तर एकेक एमसीबी (बोर्डातला सर्किटचा स्विच) पाडून बघायचं; पहिला संशय गिझरच्या एलिमेंटवर.

पुढे एकेक उपकरण. इथे बरेच जण मागची पट्टी वाचून वॉट लिहितात. तसं करू देऊ नका, मोजायला लावा. साध्या क्लॅम्प मीटरचा चिमटा तारेतले फक्त अँपिअर दाखवतो. त्याला व्होल्टने गुणलं की गिझरचे वॉट बरोबर येतात, पण पंख्याला किंवा फ्रिजला पॉवर फॅक्टरही (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरे वॉट किती, हे प्रमाण) धरावा लागतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, म्हणून दहा मिनिटांचं रीडिंग निरुपयोगी. प्लगला लावायचा वॉटमीटर चोवीस तास ठेवून जायला सांगा. एसीचा फिल्टर आणि फ्रिजच्या दाराचं रबर बघणं हे पाच मिनिटांचं काम. सगळ्यात वरचा मजला असेल तर दुपारी चारनंतर छताचा स्लॅब आणि पश्चिमेच्या भिंतीचं तापमान घेतलं पाहिजे. सकाळी दहाला मोजून काही कळत नाही.

फुकट ऑडिट असेल तर शेवटी सोलरचं कोटेशन निघणार, हे गृहीत धरा. वाईट काही नाही, पण ते ऑडिट नव्हे.

रिपोर्टमध्ये एकच गोष्ट आधी बघा: उपकरणांच्या युनिटची बेरीज बिलाशी जुळते का? दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर काहीतरी सुटलंय, किंवा वापराचे तास अंदाजाने टाकलेत. दुसरं, बचतीचा हिशोब. 75 वॉटच्या पंख्याजागी 30 वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) लावला आणि तो रोज बारा तास चालला, तर महिन्याला साधारण 16 युनिट वाचतात. ही युनिटं सरासरी दराने गुणली असतील तर हिशोब परत करायला लावा; वाचतात ती तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या दराच्या टप्प्यातली, म्हणजे तीनशेच्या पुढची महाग युनिटं.