ऑडिट झालं म्हणजे नेमकं काय झालं?

मागच्या महिन्यात घरपट्टीच्या नोंदवह्यांबद्दल (नमुना ८ आणि ९) लिहिलं आणि पत्रांचा ढीगच आला, घरपट्टीवर कमी आणि "मग आमचा पैसा जातो कुठं" यावर जास्त. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत. काही निवडली आहेत. मी स्थानिक निधी लेखापरीक्षेत २७ वर्षं काढली, त्यामुळं ग्रामपंचायतीवर जरा जास्तच बोलतो, चालवून घ्या.

प्रश्न : आमच्या गल्लीतलं गटार निम्मंच झालंय पण बिल पूर्ण निघालं असं लोक म्हणतात. ग्रामसभेत विचारलं तर सरपंच म्हणाले ऑडिट झालंय, काही निघालं नाही, बसा खाली. मग आम्ही काय करायचं? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

"ऑडिट झालंय" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि दरवेळी वाटतं की लोकांना ऑडिट म्हणजे पोलीस चौकशी वाटते, तसं नसतं हो. ऑडिटर वर्ष संपल्यावर येतो, कधी दोन-दोन वर्षांनी येतो, त्याच्यासमोर रोकडवही असते, प्रमाणकं (खर्चाची व्हाउचर) असतात, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका असते, आणि तो बघतो की कागद एकमेकांशी जुळतात का. एमबीत १८० मीटर आणि बिलातही १८० मीटर असेल तर कागद जुळला, तुमच्या गल्लीत ते ११० मीटरवर थांबलं असेल तर ते टेप घेऊन गेल्याशिवाय कळणार नाही, आणि एका ऑडिटरकडं एवढी गावं असतात की टेप घेऊन जाणं क्वचितच होतं. तो टेप तुमच्या घरात आहे. दोघं-तिघं मिळून गटार मोजा, तारीख घालून लिहून ठेवा, फोटो काढा.

आता दुसरी गोष्ट, "काही निघालं नाही" यावर विश्वास ठेवू नका. माझ्या अख्ख्या नोकरीत एकही आक्षेप नाही असा अहवाल मी पाहिलेला नाही, निदान पावतीवर सही नाही, दरपत्रकं घेतली नाहीत, १५ टक्के मागासवर्गीयांवरचा आणि ५ टक्के दिव्यांगांवरचा खर्च राहिला, असं काहीतरी असतंच. खरा प्रश्न पुढचा असतो, आक्षेपाला उत्तर काय दिलं. आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम ८ कुणी वाचत नाही, त्यात सरळ लिहिलंय की आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत जी पहिली ग्रामसभा होते तिच्यापुढं मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, आणि शेवटची ऑडिट नोट व तिला दिलेली उत्तरं ठेवायची. म्हणजे आपल्याकडं बहुतेक १ मेची सभा. उकाडा असतो, लग्नं असतात, कोरमसुद्धा होत नाही, आणि नेमकी हीच सभा सगळ्यात महत्त्वाची! त्या दिवशी उभं राहून फक्त एवढंच म्हणा की ऑडिट नोट वाचून दाखवा आणि अनुपालन (म्हणजे आक्षेपांना दिलेलं उत्तर) काय पाठवलं तेही वाचा, आणि मी हे मागितल्याची नोंद प्रोसिडिंगमध्ये घ्या. भांडायचं नाही. आवाज चढवला की विषय तुमच्या आवाजावर जातो आणि गटार राहतं तिथंच.

सभेला जायच्या आधी मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडा, त्यात गावाचा आराखडा दिसतो आणि वित्त आयोगाच्या पैशातून कोणत्या कामाला किती पेमेंट झालं तेही दिसतं, लॉगिन लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या पैशात ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच, उरलेले ४० अबंधित, पण त्यातूनही पगार करायचा नव्हता. तिथं गटाराचं नाव सापडलं नाही तर ते दुसऱ्या योजनेतून झालं असेल, मग माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, मुदत ३० दिवस, आणि आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, नाहीतर परत येतो. काय मागायचं तेही सांगतो, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, एमबीची प्रत आणि बिलाचं प्रमाणक. "गटाराची संपूर्ण माहिती द्या" असं लिहिलं तर काहीही मिळत नाही.

एक कबुली देतो. एका तालुक्यात मला एकच गटार दोन योजनांमध्ये सापडलं होतं, एकदा वित्त आयोगातून आणि एकदा दुसऱ्या निधीतून, लांबी तीच, फोटोसुद्धा तोच, फक्त वेगळ्या बाजूनं कापलेला. मी अहवालात वसुलीचा पॅरा, म्हणजे पैसे परत वसूल करा असा आक्षेप, टाकला. तीन वर्षांनी बघितलं तर "अनुपालन सादर केले आहे" एवढ्या एका ओळीवर पॅरा वगळलेला होता, आणि गावातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं की असा पॅरा होता म्हणून. एकानं जरी ग्रामसभेत नंबर सांगून विचारलं असतं ना, तर वगळणाऱ्याचा हात थोडा तरी थांबला असता.

प्रश्न : राज्यावर नऊ लाख कोटींचं कर्ज आहे, प्रत्येक माणसाच्या डोक्यावर सत्तर हजार असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. महाराष्ट्र बुडणार का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

बुडणार नाही, पण मेसेज आकड्यात चुकीचा नाही. १० मार्च २०२५ ला जो अर्थसंकल्प मांडला त्यात मार्च २०२६ अखेरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या आसपास धरलं होतं. ते राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या (सरकारच्या नव्हे, अख्ख्या राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या) १९ टक्क्यांच्याही आत येतं. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभराचा खर्च भागवायला काढावं लागणारं कर्ज, १ लाख ३६ हजार कोटी, त्याच उत्पन्नाच्या पावणेतीन टक्के, आणि २००५ च्या आपल्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याची मर्यादा ३ टक्के. म्हणजे रेषेच्या आत. डोकी मोजून कर्ज वाटायचा हिशोब घाबरवायला बरा, बाकी त्याचा उपयोग नाही.

मला खुपतो तो दुसरा आकडा, महसुली तूट ४५,८९१ कोटी. घर बांधायला कर्ज काढलं तर निदान घर उभं राहतं, पण किराणा आणि लाईट बिल कर्जावर चालायला लागलं की घरातलं मोठं माणूस काय म्हणेल? महसुली तूट म्हणजे ते. आणि त्याहून वाईट खोड पुरवण्यांची. राज्यघटनेच्या कलम २०५ मध्ये पुरवणी मागणी आहे ती मंजूर रक्कम कमी पडली किंवा वर्षाच्या मध्येच नवा खर्च उभा राहिला तर, आपल्याकडं ती दर अधिवेशनाची रीतच झालीय. जुलै २०२४ ला एका फटक्यात ९४,८८९ कोटींच्या पुरवण्या, त्यात मोठा वाटा लाडक्या बहिणीचा, मग डिसेंबरला ३५,७८८ कोटी, मार्चला पुन्हा. जुलै २०२५ ला परत ५७,५०९ कोटी. बायकांना १५०० मिळतात त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, माझ्या घरी काम करणाऱ्या बाईंनी त्यातून मुलीची फी भरली. माझं म्हणणं एवढंच की जून संपायच्या आत जी गोष्ट ठरते ती वर्षाच्या सुरुवातीच्या बजेटमध्ये दिसत नसेल तर ते बजेट कशासाठी वाचायचं.

आणि कायदा मोडला तर? कुणाला दंड नाही, कुणाची खुर्ची जात नाही, सभागृहात खुलासा करायचा. कायद्याचं नाव उत्तरदायित्व आहे, आणि खरंच तेवढंच आहे, उत्तर द्यायचं.

प्रश्न : सगळे रस्ते मार्चमध्येच का खोदतात? (एक वाचक, नाशिक)

कारण ३१ मार्चला बजेट लॅप्स होतं. पैसे बीडीएसवर (सरकारच्या ऑनलाइन निधी वाटप प्रणालीवर) येतातच जानेवारी-फेब्रुवारीत, मग टेंडर, वर्क ऑर्डर, बिलं, आणि कोषागारात रात्री बारापर्यंत लाईट चालू. जिल्हा परिषदेला खर्चायला दोन वर्षं मिळतात, तरी दुसऱ्या वर्षीचा मार्च तसाच जातो. दोष फक्त खाली खोदणाऱ्याचा नाही, पैसे उशिरा सोडणारा वर बसलेला असतो आणि त्याला कुणी विचारत नाही.

प्रश्न : आमच्या महापालिकेत चार वर्षं नगरसेवकच नव्हते. तेव्हा हिशोब कोण विचारत होतं? (एक वाचक, मुंबई)

खरं सांगू का, कुणीच नाही. मुंबईत नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. एरवी आयुक्त प्रस्ताव आणतात आणि स्थायी समिती तो पास करते, अडवते, कधी कधी उगाचच अडवते. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव आणणारा आणि पास करणारा माणूस एकच! सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, त्यालाही उशीर होत होत शेवटी १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं.

पण नगरसेवक असले की सगळं स्वच्छ असंही समजू नका. कॅगनं (देशाच्या महालेखापरीक्षकांनी) मुंबई महापालिकेच्या साधारण १२ हजार कोटींच्या कामांचं विशेष ऑडिट केलं, नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातलं, त्यात टेंडर न काढता आणि करार न करता दिलेली कामं निघाली, आणि त्यातला बराचसा काळ सभागृह भरलेलं होतं. आता नवे नगरसेवक आलेत तर वॉर्डातल्याला गाठून एकदा तरी विचारा की तुम्ही ऑडिट रिपोर्ट बघितला का. चेहरा बघा फक्त.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सरपंच झालेय. पेमेंटसाठी माझी डीएससी (डिजिटल सही) संगणक ऑपरेटरकडंच असते, सगळीकडं तसंच चालतं म्हणतात. सोयीचं पडतं पण मनात धाकधूक आहे. (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

ताई, धाकधूक बरोबर आहे. ते पेनड्राइव्हसारखं दिसणारं डोंगल म्हणजे तुमची सही आहे, आणि ते दुसऱ्याकडं ठेवणं म्हणजे कोऱ्या चेकबुकवर सह्या करून देण्यासारखं. वित्त आयोगाचं पेमेंट तुमची आणि ग्रामसेवकाची (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) अशा दोन्ही डीएससी लागल्याशिवाय जात नाही, दोन माणसांनी बघावं म्हणूनच दोन ठेवल्यात, आणि दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये असल्या तर बघणारा एकच उरला की. उद्या वसुली निघाली तर ऑपरेटरवर नाही निघणार, तुमच्या नावावर निघेल, आणि मला माहीत नव्हतं हे उत्तर मी कितीतरी सरपंचांकडून ऐकलंय, ते कुठंच चालत नाही.

उद्याच जाऊन डोंगल घरी आणा, पासवर्ड बदला, तो वहीच्या मागच्या पानावर लिहू नका आणि घरातल्या पुरुषांनाही सांगू नका. ऑपरेटर रागावेल, पेमेंट अडतंय म्हणेल, अडू दे एक दिवस. दर पेमेंटला स्वतः बसा, बिल, एमबी आणि मासिक सभेचा ठराव तिन्ही समोर ठेवून, आणि जे कळत नाही ते विचारा, दोनदा विचारा, तिसऱ्यांदा विचारायला लाज वाटली तर मला लिहा.