नऊ वर्षांच्या मुलीसाठी सुट्टीत वाचनालयातून कोणती पुस्तकं आणावीत?

वयापेक्षा आवड बघा. पुस्तकं ड्युई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक क्रमांक देऊन लावली असतील तर थेट त्या क्रमांकाच्या कपाटाशी जा: ३९८.२ लोककथा, ५२० खगोल, ५९८ पक्षी, ७४१.५ चित्रकथा, ७९३.८ जादूचे प्रयोग. (चित्रकथांना नाक मुरडू नका, तेही वाचनच.)

झेपेल की नाही हे तिथेच तपासा. मधलं एखादं पान तिला मोठ्याने वाचू द्या आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजा. दोन-तीन बोटं झाली तर पुस्तक योग्य. पाच झाली तर ते तुम्ही वाचून दाखवायचं. एकही नाही, तरी हरकत नाही, सुट्टीच आहे.

एका खेपेला तीन पुरेत: एक सोपं, एक माहितीपर, एक तिने निव्वळ मुखपृष्ठ बघून उचललेलं. मालिका असेल तर पहिला भाग आणताना दुसऱ्याची मागणी नोंदवून ठेवा, कारण सुट्टीत नेमका तोच बाहेर गेलेला असतो. गावाला जाणार असाल तर परतीची तारीख आधी वाढवून घ्या. दुसऱ्या वाचकाने मागणी नोंदवली असेल तर मुदतवाढ सहसा मिळत नाही.

वीस-पंचवीस पानांत रमली नाही तर पुस्तक बदला.